पलंगाची उजवी बाजू

कोणताही कागद हातात दिला की ते आधी तो उलटा करायचे. खिडकीकडे धरून पाठीमागून उजेडात बघायचे आणि मगच सुलटा करून वाचायला घ्यायचे. रजेचा अर्ज असो, कँटीनचं पत्रक असो, नियम तोच. माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रणही त्यांनी असंच पाठीकडून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे साहेब. दोन्हीकडून तोल आहे."

ही काय सवय म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाकडाला डावं-उजवं नसतं. ते आपण सांभाळायचं."

असं एखादं वाक्य बोलून पुढचं काहीच न सांगणारी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आपण समजतो की पुढे काहीतरी गूढ आहे. बहुतेकदा नसतं. यांच्या बाबतीत होतं, पण ते कळायला मला वर्षं लागली.

कतारमधल्या मेसईदच्या एका खत कारखान्यात आम्ही नोकरीला होतो, नव्वदीची शेवटची वर्षं. मी ड्रॉइंग तपासून सही करणाऱ्यांपैकी, ते त्या ड्रॉइंगच्या प्रती काढणारे. ट्रेसिंग एका पिवळट कागदावर ठेवायचं आणि यंत्राच्या तोंडात द्यायचं. पलीकडून निळ्या रेघांची प्रत बाहेर पडायची, अमोनियाच्या वासासकट. कारखाना टनावारी अमोनिया बनवायचा आणि त्यातला बाटलीभर जणू पगार मागायला या खोलीत परत यायचा. आत पाऊल टाकलं की कोणाच्याही डोळ्यांना धार लागायची. त्यांच्या नाही. चौदा वर्षांत त्यांचे डोळे त्या वासाला सरावले होते. प्रत निघाली की ती टेबलावर टाकत ते म्हणायचे, "खलास." चांगलं झालं, वाईट झालं, संपलं, या सगळ्याला तो एकच शब्द.

ते वसईचे, ख्रिस्ती. तिकडे केळीची वाडी, बायको, एक मुलगी. इथं कंपनीच्या वसाहतीतली एक खोली, एक स्टोव्ह आणि पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. वडील सुतार होते, गावच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, वेदी त्यांनी कोरली होती. मुलाच्या हाती करवत यायच्या आधी पासपोर्ट आला.

पेटी त्यांनी मला एका गुरुवारी दाखवली. गुरुवारी दुपारी सुटी व्हायची आणि सगळा कारखाना दोह्याच्या बसकडे धावायचा. हे मात्र सावकाश हात धुवायचे. पेटीत करवतीच्या जुन्या पात्यांना धार लावून केलेल्या सहा सुऱ्या होत्या, काही फळ्या होत्या, आणि मुखपृष्ठ नसलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मुंबईच्या फुटपाथवर घेतलेलं. युरोपात छपाईची यंत्रं यायच्या आधी आणि नंतर थोडी वर्षं, लाकडावर संतांची चित्रं कोरून कागदावर उठवायचे, त्या चित्रांचं पुस्तक.

"मला वाचता येत नाही एवढं," ते म्हणाले. "तुम्ही चित्राखालचं सांगा. बाकी मी बघतो."

मी वाचत गेलो. मला देवाधर्माचं फारसं प्रेम नाही, पण जुन्या कारागिरांबद्दलचं पुस्तक मी कुठलंही वाचतो. जत्रेला, तीर्थाला येणाऱ्या गरिबांना सोन्याचा मुलामा दिलेलं चित्र परवडायचं नाही. त्यांच्यासाठी हे कागद. ठळक काळ्या रेघा, चेहऱ्यावर चार फटकारे. दाबयंत्र नाही, फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून घासायचं. लोक ते घरी नेऊन पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवायचे. भिंतीवर लावलेली चित्रं धुरानं, ओलीनं गेली. झाकणाआडची पाचशे वर्षं टिकली.

"बघा," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर ते बराच वेळ खूश होते.

त्यांचं स्वतःचं आवडतं चित्र संत ख्रिस्तोफरचं. आडदांड माणूस, हातात झाडाएवढी काठी, खांद्यावर छोटा येशू, खाली नदी. त्या काळी लोकांची समजूत अशी की, सकाळी याचं चित्र पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही. अवचित म्हणजे वाईट. फादर नाहीत, शेवटचं पवित्र तेल नाही, प्रार्थना नाही, जवळ कोणी नाही, असं.

"म्हणजे एका दिवसाचा विमा," मी म्हणालो.

"रोज भरायचा," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी तो ख्रिस्तोफर कोरला होता आणि रद्द झालेल्या ड्रॉइंगांच्या कोऱ्या पाठीवर चमच्याच्या पाठीनं घासून तो उठवायचे. कोणी मागितला तर द्यायचे. अट एकच. "भिंतीवर नाही. दाराच्या आत." त्या देशात ही अट कुणाला जाचक नव्हती, ख्रिस्ती माणसं आपलं सगळंच थोडं दाराच्या आत ठेवायची. हळूहळू अर्ध्या कारखान्याच्या लॉकरांत तो पाण्यातून चालू लागला. श्रीलंकेच्या ड्रायव्हरनं गाडीच्या कप्प्यात लावला. एका पठाण वेल्डरनं चित्र नको म्हटलं, पण ती काठी कसल्या लाकडाची हे विचारून गेला. मी घरी नेला तेव्हा माझ्या बायकोनं फक्त एकदा बघितलं.

"अहो, हा वसुदेव. टोपली कुठाय पण?"

तिनं तो धान्याच्या कपाटात, दाराच्या आत, कुंकवाचं बोट लावून चिकटवला. मी जरा चाचरतच त्यांना सांगितलं.

"असू दे साहेब," ते म्हणाले. "वजन दोघांनाही तेवढंच झालं असणार."

त्यांच्यातल्या मोठ्या लोकांना ही चित्रं पटायची नाहीत. शुक्रवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. तिची एक समिती होती आणि समितीला एक चिटणीस होते. पंचेचाळीस अंशांत कोट घालणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्यांनी परदेशाहून चकचकीत, मागून दिवा लागणारी चित्रं मागवली होती. वार्षिक स्नेहसंमेलनाला मला 'मराठी समाजाचे प्रतिनिधी' म्हणून बोलावलं. मी कोणाचाच प्रतिनिधी नव्हतो, पण जेवण होतं. तिथं चिटणिसांनी आमच्या ख्रिस्तोफरला कोपऱ्यात टांगलं होतं. सोनेरी चौकट एवढी रुंद की नदीसाठी जागा उरली नव्हती. खाली पाटी: 'आमच्या एका कामगार बांधवाचा प्रयत्न'.

चिटणीस त्यांना म्हणाले, "काय अंकल, कसं वाटतं? जरा रंग भरला असतात तर!"

"चौकट चांगली आहे," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये त्यांनी एवढीच भर घातली, की चौकटीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले नाहीत.

कोरायची रीत त्यांनी मला समजावली होती. फळीवर चित्र उलटं काढायचं. फळीवर डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे उमटतं. नवशिक्या समोरचं बघून तसंच उतरवतो आणि छापल्यावर येशू डाव्या हातानं आशीर्वाद देतो. पुस्तकात अशी चुकलेली दोनतीन चित्रं होती. ते त्यांवर बोट ठेवून माफक हसायचे. "गडबड झाली बिचाऱ्याची." आणि जे कोरून टाकलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. रेघ म्हणजे कोरायची राहिलेली जागा. हे मला पटायला वेळ लागला. मी इंजिनिअर, मला रेघ काढायची सवय.

त्याच पुस्तकात मरण कसं यावं हे शिकवणाऱ्या चित्रांचं एक प्रकरण होतं. प्रत्येक चित्रात पलंग, त्यावर मरणारा माणूस, भोवती गर्दी. एका हाताला देवदूत, फादर, घरची मंडळी. दुसऱ्या हाताला शेपट्यावाले सैतान, त्याच्या कानात काहीबाही सांगणारे. चांगलं ते शक्यतो मरणाऱ्याच्या उजव्या हाताला. त्या प्रकरणाशी ते नेहमी थांबायचे, पण कोरायला कधी घेतलं नव्हतं. "माणसं फार आहेत," म्हणायचे. "एवढ्या माणसांची सवय राहिली नाही."

त्यांची बायको गेली त्या गुरुवारी मी प्रिंट रूममध्येच होतो. एका व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगच्या सहा प्रती हव्या होत्या. फोन वाजला. ते आपल्या वसईच्या घरगुती बोलीत बोलले. मला त्यातलं निम्मंच कळायचं. "कधी", "कुठं", असे शब्द कळले. मग बराच वेळ पलीकडचंच ऐकलं. मग म्हणाले, "ठेवू नका. उद्या नेऊन टाका." फोन ठेवला. तीन प्रती राहिल्या होत्या त्या काढल्या, सहाही जुळवल्या, शिक्का मारला आणि गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाले, "खलास. आमची बायको गेली, साहेब."

मी काय बोललो आठवत नाही. विहिरीच्या हौदाशी धुणं धुताना पडली होती. डोक्यात रक्तस्राव झाला असावा. घरी तेव्हा फक्त त्यांची म्हातारी सासू होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. पाऊण तासानं शेजारचं कोणी विहिरीवरची पाण्याची मोटार बंद का नाही म्हणून बघायला आलं.

पासपोर्ट आमचे दोह्याच्या ऑफिसात असत आणि ते आता शनिवारी उघडायचं. मी म्हणालो, "मी मॅनेजरला फोन लावतो. अशा वेळी कोणीही येऊन कपाट उघडेल. रात्रीचं विमान मिळेल."

"नको."

"अहो, लावतो ना."

"नको साहेब. मी सांगितलं त्यांना, ठेवू नका म्हणून."

मी असं दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. माणूस इतक्या सपाट आवाजात 'नको' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं की त्यानं विचार केलेला आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे तिला मातीत ठेवलं तेव्हा इकडे ते आपल्या शर्टाची कॉलर घासून धूत होते. मी आणि बायको डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी ताटं मांडली, आम्हालाच वाढलं. माझी बायको रडली. त्यांनी तिला पाणी दिलं.

मग म्हणाले, "तिच्याही कपाटात होता तो. दाराच्या आत." ताटं गोळा करत, "त्या दिवशी कपाट उघडलं नसेल."

विम्याचा विनोद मी केला होता हे मला तेव्हा आठवलं. त्यांना आठवलं की नाही, माहीत नाही.

शनिवारी पासपोर्टचं कपाट उघडलं, रजाही मंजूर झाली. ते गेले नाहीत. "आता जाऊन काय?" रविवारपासून पुन्हा निळ्या प्रती. वागण्यात तसूभर फरक नाही. तुम्ही म्हणाल, दुःख आत दाबलं असेल. आपल्याला असं म्हणायला आवडतं. मला तरी आत काही दिसलं नाही. वीज गेलेल्या घरात खिडकीतून बघावं तसं वाटायचं. फरक एकच. ते कागद उजेडात धरून बघेनासे झाले. द्याल तसा घ्यायचे.

आठवड्यानं त्यांनी विचारलं, "तुम्ही रजेवर नाशिकला कधी?"

मी तारीख सांगितली. त्यांच्या बायकोच्या महिन्याच्या मिस्सेच्या चार दिवस आधीची.

"मग एक पाकीट वसईला पोचवाल? मिस्सेला वाटायला ऐंशी कागद. मी करतो आहे."

पेटीत शिवणीच्या लाकडाची एक रुंद फळी होती, दहा वर्षांपूर्वी घरून आणलेली, मुलीच्या लग्नाला काहीतरी कोरायचं म्हणून ठेवलेली. तीच काढली. विषय कोणता ते विचारावं लागलं नाही, पुस्तक त्या प्रकरणाशी उघडं होतं. पलंग. भोवती माणसं.

रोज संध्याकाळी फोनकार्ड घेऊन ते वसाहतीच्या बूथवर उभे राहायचे. मला वाटलं, मुलीशी बोलत असतील. एकदा मी मागे रांगेत होतो तेव्हा ऐकलं. ते मेव्हण्याला विचारत होते, "खिडकी पलंगाच्या कुठल्या अंगाला? पायाकडे? आणि तसबीर? ... कपाट अजून तिथंच आहे का? ... तू कोट घालशील की नाही?"

पलीकडून मेव्हणा बहुधा म्हणाला, कसला कोट? "असू दे, घाल," हे म्हणाले.

तिला पलंग लाभला नव्हता. हौदाचा काठ लाभला होता. तर हे तिला पलंग देत होते. फादर, हातात मेणबत्ती, डोक्याशी मुलगी, पायाशी भाऊ कोटात, म्हातारी जपमाळ घेऊन. जुन्या कारागिरांनी अनोळखी लोकांसाठी शेकड्यांनी उठवलेलं चांगलं मरण त्यांना एका बाईसाठी, महिनाभरानं का होईना, हवं होतं. आणि त्यात एक माणूस ते स्वतः. उशाशी, तिच्या उजव्या हाताला. पुस्तकात देवदूत उभे असतात त्या जागी.

"एवढं एक तिथं पोचलं पाहिजे," ते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण 'पाहिजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला.

माझं विमान गुरुवारी होतं. मंगळवारी दुपारी चारनंतर यंत्र बंद करून त्यांनी फळीला शाई लावली, कागद ठेवला आणि चमच्यानं घासायला लागले. मी समोर उभा होतो. कागद एका कोपऱ्यापासून सोलून काढला आणि टेबलावर ठेवला.

सुंदर होतं. हे मी सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते विसरायला होईल. मागची सगळी भिंत आडव्या बारीक रेघांनी भरलेली, आणि त्यापुढे माणसं साधी, पांढरी, नुसत्या कडेनं काढलेली. बाई झोपलेली. तिचा चेहरा कोणाचाही असावा तसा. फक्त हात मोठे होते, धुणं धुणाऱ्या बाईचे.

मग मला दिसलं, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. खोली उलटी झाली होती. फोनवरून विचारून विचारून जशी होती तशीच्या तशी त्यांनी ती फळीवर उतरवली होती. खिडकी तिकडची इकडे, म्हातारी इकडची तिकडे. आणि ते स्वतः, हात जोडून, तिच्या डाव्या हाताला. सैतानांच्या बाजूला.

चौदा वर्षांत बारशाचं आमंत्रणसुद्धा मागून तपासणारा माणूस.

त्यांनी कागद जवळ ओढला. "डावीकडे गेलो," म्हणाले. दुसऱ्या कोणाची चूक सांगावी तसं.

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणालो. "हे सगळं पुस्तक वाचणाऱ्यांचं. तिकडे कोण डावं-उजवं बघतं?"

"खरं आहे."

"मग राहू द्या."

"तिकडे कोणाला नाही कळणार," ते म्हणाले, आणि त्यांनी बारीक सुरी उचलली. मी काही बोलेपर्यंत त्यांनी सुरुवात केली होती. फळीवरची आपली कड त्यांनी कोरून काढली, आधी डोक्याची, मग खांद्यांची, मग जोडलेल्या हातांची. काम दहा मिनिटांचं. फुंकर मारून भुसा उडवला, पुन्हा शाई लावली, पुन्हा कागद. आता रेघांच्या भिंतीपुढे, उशाशी, माणसाच्या आकाराचं एक पांढरं भोक होतं.

"काढणं सोपं असतं," ते म्हणाले. "विमान किती वाजता?"

ऐंशी कागद बुधवारी झाले. गुरुवारी मी ते कपड्यांच्या घडीत सपाट ठेवून मुंबईला उतरलो, नाशिकला गेलो आणि मिस्सेच्या दिवशी वसई गाठली.

देऊळ भरलं होतं. लोकांनी कागद घेतले, प्रार्थनेच्या पुस्तकांत घातले. नंतर घरी चहा झाला. मेव्हणा गुडघ्यावर कागद घेऊन सगळ्यांना दाखवत होता. "नाक बघा माझं. तिथं बसून हुबेहूब काढलंय. कोट तर माझ्याकडे नाहीच." म्हातारीनं स्वतःला ओळखलं आणि पदरानं कागद पुसला, शाई पुसली जाईल या भीतीनं कोणीतरी कागद काढून घेतला. एका शेजाऱ्यानं त्या पांढऱ्या आकारावर बोट ठेवून विचारलं, "आणि हे काय, भूत?" दोघंतिघं हसले आणि लगेच चहाकडे वळले.

मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती मला वाडीत विहिरीकडे घेऊन गेली. हौदाला टेकून उभी राहिली. तिच्या हातात कागद होता.

"काका, इथं पपा होते ना?"

मी थापा मारू शकलो असतो. मी तिला सगळं सांगितलं, पुस्तक, देवदूतांची बाजू, उलटी फळी. इंजिनिअर असल्यामुळे नीट क्रमवार सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे चुकीच्या बाजूला आले म्हणून पुसून टाकलं?"

"तसंच काहीसं."

"काका, त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. मामा केळी घेऊन बाजारात. फादर आले ते दुसऱ्या दिवशी. आजी घरात होती, पण तिला काय कळणार? यातलं कोणीच नव्हतं तिथं." ती कागदाकडे बघत एकेकाला बोट लावत गेली. "नव्हते त्यांना काढायचं तर सगळ्यांनाच काढायला हवं. आम्हाला बरं ठेवलं? कोटबिट घालून?"

मी तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"मला राग येतो त्यांचा," ती म्हणाली. "आले नाहीत म्हणून येतो. पण हे बघून जास्त येतो. तुम्ही परत जाल तेव्हा सांगा त्यांना. म्हणावं, आम्ही सगळे खोटेच उभे आहोत, तुम्हीही आत या."

मेसईदला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी प्रिंट रूममध्ये गेलो. निरोप निरोपासारखा, शब्दाला शब्द सांगितला. ते यंत्रात ट्रेसिंग सरकवत होते.

"कागद चुरगळले नाहीत ना?"

"नाही."

"बरं." प्रत बाहेर आली. त्यांनी ती टेबलावर टाकली. खलास म्हणाले नाहीत. मी दाराशी पोचलो तेव्हा पाठीमागून आवाज आला, "का नको म्हणालो त्या दिवशी, ते मला अजून कळलं नाही, साहेब. तुम्ही तीनदा विचारलंत."

तीनदा, की दोनदा? मी मोजत होतो तसे तेही मोजत होते.

नंतर दोन आठवडे काही नाही. मग एका गुरुवारी दुपारी, बस सुटायच्या वेळी, मी सही राहिलेलं ड्रॉइंग घेऊन गेलो. फळी टेबलाला शिकंज्यात आवळलेली होती. जिथं तो आकार होता तिथं त्यांनी चौकोनी खाच काढली होती, आरपार. त्याच फळीच्या उरलेल्या टोकाचा एक तुकडा घासून घासून त्या मापाचा केला होता आणि ठोकून बसवला होता. त्यावर नवा माणूस कोरलेला. आधीचा हात जोडलेला होता, झब्ब्यासारखं काहीतरी घातलेला, पुस्तकातल्यासारखा. हा कंपनीच्या डगल्यात होता. खिशावर पेन. हेल्मेट काढून दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं, वरिष्ठांच्या केबिनमध्ये आपण धरतो तसं.

बाजू तीच. डावी.

"जागा बदलता आली असती," मी म्हणालो. "नवीन फळी घेऊन."

"जागा तीच होती माझी."

त्यांनी शाई लावली, कागद ठेवला, चमच्यानं घासलं. एकच प्रत. सोलून काढली आणि दोघांनी बघितली. भिंतीच्या आडव्या रेघा चौकोनापाशी येऊन तुटत होत्या आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होत्या. त्या माणसाभोवती एक बारीक पांढरी चौकट उमटली होती. कितीही घट्ट ठोकलं तरी तिथं शाई धरत नाही.

"सांधा दिसतोय," मी म्हणालो. तपासनिसाची जीभ, दुसरं काय.

ते मुलीच्या नावाचं पाकीट शोधत होते.

"दिसू दे," म्हणाले. "उशिरा आलेला माणूस आहे."